कुंकवाची दोन बोटं

वेल्ह्याच्या डोंगरात, ऐन पावसाळा धरून, चौदा महिन्यांत एकदाही लाईट गेली नाही. हे मी म्हणत नाही, सगुणाबाईंच्या वहीत लिहिलं होतं. रोजच्या तारखेपुढे गोल, टपोऱ्या अक्षरात एकच ओळ: लाईट होती. पान उलटा, लाईट होती. आणखी उलटा, लाईट होती. आषाढात वाड्याच्या वाड्या ढगात बुडून जातात, तेव्हाही लाईट होती. अहो, तेवढ्या दिवसांत पुण्यात माझ्या ऑफिसातली बावीसदा गेली!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशी ती जायला फार काही लागत नाही. माझा राग दुधासारखा, जरा नजर हटली की उतू जातो, आणि मग ओटा पुसत बसायची पाळी माझ्यावरच येते. पण या वेळी कारण खरंच तसं होतं.

मी सुलक्षणा, भोर तालुक्यातल्या भोंगवलीची. पुण्यातल्या एका संस्थेत स्वच्छ विजेच्या धोरणाचं काम बघते, म्हणजे त्या कार्यक्रमाची प्रमुख आहे. प्रमुख म्हटलं की लोकांना फिरती खुर्ची दिसते. प्रत्यक्षात हजार-हजार पानांचे अर्ज वाचायचे, वीज आयोगापुढे उभं राहायचं आणि सूर्याची वीज परवडत नाही म्हणणाऱ्यांशी आकडे घेऊन भांडायचं. भांडण मला मनापासून आवडतं, त्यामुळे नोकरी पत्रिका जुळवून मिळाल्यासारखी झाली आहे.

या खेपेचं भांडण वरच्या वाडीसाठी होतं. विंझर सोडून वेल्ह्याकडे निघालं की वाटेत उजव्या हाताला डोंगरात बावीस घरं दिसतात, ती वरची वाडी. तिथली वीज रानातून, कड्याकपारीतून चौदा किलोमीटर तारेवरून येते. एक फांदी पडली की अंधार. आमची मागणी साधी होती. वाडीवरच छोटा सौर प्रकल्प करा, सोबत बॅटरी द्या. तार तुटली तरी घरातले दिवे चालू राहतील, आणि भर वादळात कुणाला खांबावर चढायला नको, वारं थांबल्यावर दिवसाउजेडी चढेल. वीज कंपनी म्हणाली, तिथला पुरवठा उत्तम आहे, गरजच नाही. आयोग म्हणाला, पुरावा आणा. गुरुवारी पुण्यात जाहीर सुनावणी होती.

पुरावा म्हणजे किती वेळा वीज गेली त्याची नोंद. त्यासाठी आमच्याकडे एक यंत्राची डबी असते, पण तिला मोबाईलची रेंज लागते, आणि वरच्या वाडीवर रेंज फक्त एका आंब्याच्या तिसऱ्या फांदीवर मिळते. म्हणून मी वही दिली होती, सगुणाबाईंना. वाडीत त्यांच्याइतकं खरं बोलणारं माणूस नाही, असं माझं आठ वर्षांचं मत होतं. आणि त्यांनी हे लिहून पाठवलं! आमच्या ऑफिसातल्या प्रेरणाने वहीवरून आलेख काढला आणि भीत भीत माझ्यापुढे ठेवला. "ताई, सरळ रेघ आलीय," म्हणाली.

सोमवारी सकाळीच गाडी काढली. विंझरला चहाला थांबले तर हॉटेलाच्या बाकावर गेनू. हा तिथला वायरमन. नाव पणजोबांचं, वय पस्तीस. अकरा गावं आणि त्यांच्या वाड्या त्याच्या एकट्याच्या अंगावर, आणि नोकरी ठेकेदाराकडची. दर अकरा महिन्यांनी कागद नवा झाला तर पुढे काम, नाहीतर घरी. वर जाताना तो नुसती पक्कड नेत नाही. कुणाची बीपीची गोळी, कुणाचं चष्म्याचं घर, कुणाच्या सुनेला माहेरचा निरोप, सगळं त्याच्या पिशवीत. वाडीत लाईट गेली की लोक त्याला "कधी येणार" असं विचारत नाहीत, "जेवलास का" विचारतात. गेल्या श्रावणात त्याची मोटारसायकल घसरली आणि पाय मोडला, तेव्हापासून जरा लंगडतो.

"मॅडम, तोंड लाल दिसतंय. आज कुनाची पूजा?" त्याने हसत विचारलं.

"तुझ्या सगुणाआजीची."

"मग जपून. तिकडनं उलट प्रसाद मिळतो." त्याने माझ्या चहाचे पैसेसुद्धा देऊ दिले नाहीत.

सगुणाबाई ओसरीवर सुपात नाचणी पाखडत होत्या. वय सत्तरीचं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, अंगात इतकी ताकद की अजून हंडा डोक्यावरून आणतात. पन्नाशीला साक्षरता वर्गात लिहायला शिकल्या, म्हणून अक्षराचा भारी अभिमान. पलीकडे त्यांचे मालक भिमाबाबा शेळीचं दावं वळत होते.

"आली का भोंगवलीची भवानी," सगुणाबाई म्हणाल्या. "बस. भाकर खानार का?"

मी वही सुपाशेजारी आपटली. "आजी, हे काय लिहिलंय?"

त्यांनी लांब धरून वाचलं. "लाईट होती. का? अक्षर लागंना व्हय?"

"अक्षराला काय चाटायचंय? लाईट होती का?"

"आता… येत-जात हुती."

"जात होती ना? मग गेलेली कुठं लिहिलीय?"

"अगं, गेनू सांगून जायचा की! आजी, फांदी पडलीया, चार वाजंस्तोवर आनतो. अन चारला आनायचा. सांगून गेलेल्याला गेला म्हनत्यात व्हय कुनी?"

मी कपाळाला हात लावला. आठ वर्षं वेगवेगळ्या कंपन्यांचे वकील ऐकलेत, पण असा युक्तिवाद एकालाही सुचला नव्हता.

"आणि न सांगता गेली तेव्हा?"

सगुणाबाईंनी सुपाला आणखी एक झटका दिला. उत्तर भिमाबाबांनी दिलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाई. धा वर्साखाली आमी अर्ज केला हुता, लाईट न्हाई म्हनून. सगळ्यांचे अंगठे-सह्या घेऊन. काय झालं ठावं हाय? लाईट न्हाई आली. वायरमन गेला. गरीब हुता बिचारा, हितंच जेवायचा. कागदावर अंधार लिवला की त्यो तारंच्या नावावर चढत न्हाई, मानसाच्या नावावर चढतो."

हे ऐकून मी शांत व्हायला हवं होतं. पण दूध वर आलं होतं. "म्हणजे चौदा महिने मला फसवलंत! ताकाला जाऊन भांडं लपवायचं होतं तर वही घेतलीत कशाला? गुरुवारी मी तोंड काय दाखवू तिथं? आणि वर ही अशी बरबटवलीत! पानापानावर कुंकवाचे डाग! मी शंभरदा सांगितलं होतं, वही स्वच्छ ठेवा, ती आयोगापुढे जायची आहे."

सगुणाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "डाग न्हाईत त्ये," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खाली आलेला.

"मग काय आहेत?"

"त्यो बेहड्याखालचा खांब हितनं दिसतो," त्यांनी दरीपल्याड बोट केलं. खरंच, एका मोठ्या बेहड्याच्या झाडाला चिकटून, अगदी कड्याच्या काठावर एक खांब उभा होता. "सगळ्यात वाईट खांब त्यो. फांदी पडायची तर तितंच. गेनू त्याच्यावर चढला की माझं काळीज थाऱ्यावर न्हाई ऱ्हात. म्या घरात जाते, देव्हाऱ्यातल्या मेंगाईला कुंकू लावते, म्हनते, बाई, संबाळ त्याला. अन तेच बोट वहीला लावते. त्यो खाली उतरला की दुसरं. लाईट गेलेली म्या लिवली न्हाई, पन पोरगं वर हाय ह्ये कुनाला तरी ठावं असाया पायजे न्हवं?"

मी ओसरीवर बसले. वही पुन्हा पहिल्यापासून उलटायला घेतली. लाईट होती, आणि समासात दोन बोटं. पुढचे चार दिवस समास कोरा. लाईट होती, दोन बोटं. आषाढात तर सलग सहा पानांवर. त्रेसष्ट दिवस, एकशे सव्वीस बोटं. मागितला होता तेवढा पुरावा माझ्या मांडीवर होता, आणि मी त्याला घाण म्हणाले होते. माझी मलाच लाज वाटली.

नाही, एकशे पंचवीस. गेल्या नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशीच्या पानावर एकच बोट होतं. आणि त्यानंतरची नऊ पानं, लाईट होती, लाईट होती, पण अक्षर वेडंवाकडं.

"आजी, इथं एकच आहे."

त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि पदराखाली धरली. भिमाबाबा दावं वळायचं थांबले. सगुणाबाईंचे डोळे भरून आले.

"मोटारसायकल न्हाई घसरली त्याची. त्या खांबावरनं पडला. म्या बघितला पडताना, ह्याच डोळ्यांनी. ठेकेदार म्हनला, खांबाचं नाव काढलंस तर चौकशी लागंल, मग नवा कागद ईसर. दोन लेकरं हायती त्याला. कागद त्याच म्हैन्यात नवा व्हायचा हुता. नऊ दिस अंधार हुता हितं, पोरी. वाडीत एकानं ब्र काढला न्हाई. म्या रोज लिवलं, लाईट होती. हात कापत हुता, पन लिवलं."

त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. पण मी घेतलं नाही, कारण जे बोलायचं होतं ते जवळ घेऊन बोलता आलं नसतं.

"आजी, तुमची माया मला कळते," मी म्हणाले, आणि स्वतःचा इतका हळू आवाज मी खूप दिवसांनी ऐकला. "पण तुम्ही लाईट होती लिहिलंत की कंपनी म्हणते, बघा, लाईन चांगली आहे. लाईन चांगली म्हणून खांब तोच, बेहडा तोच. या शनिवारी वारं सुटलं की त्या खांबावर तो मोडका पाय घेऊन कोण चढणार?"

सगुणाबाईंनी सूप पुन्हा ओढलं. उरलेली नाचणी पाखडली, खडे वेचले, डबा भरला, झाकण लावलं.

"गुरवारी किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"येते. पन गेनूचं नाव तुज्या तोंडून निघता कामा नये. मेंगाईची आन हाय तुला."

मी शब्द दिला. नावनिशी, तारीखवार पुरावा मागत जिची हयात गेली, तीच मी.

गुरुवारी वाडीची नऊ माणसं टेम्पोने आली. सगुणाबाई ठेवणीतलं लुगडं नेसल्या होत्या. आणि सगळ्यांच्या मागून गेनू! त्याला कुणीच काही सांगितलं नव्हतं. "अख्खी वाडी टेम्पोत चढली अन मला कुनी सांगंना," तो मला म्हणाला, "म्हनलं आजीला काय झालं की काय. रजा टाकून आलो." आता याला परत कसं पाठवायचं? मी त्याला शेवटच्या रांगेत बसवलं आणि तोंड उघडू नकोस म्हणून दटावलं.

समोर मोठ्या टेबलामागे आयोगाचे तीन सदस्य. मधले अध्यक्ष, पांढऱ्या केसांचे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. वही त्यांच्यापुढे होती, शिक्का मारून दाखल केलेली. कंपनीचे वकील उठले ते हसतच. "साहेब, यांच्याच वहीत लिहिलंय, लाईट होती. आणखी काय बोलायचं?"

मी उभी राहिले. "साहेब, ओळ खोटी आहे. बोटं खरी आहेत." आणि मी सगळं सांगितलं, बेहडा, खांब, मेंगाई, दोन बोटं. फक्त नाव सोडून.

"कुंकवाचा पुरावा!" वकील म्हणाले. मागून कुणीतरी हसलं. मी वळून असं बघितलं की हसू जागीच विझलं.

अध्यक्षांनी सगुणाबाईंना विचारलं, "आजी, तुम्ही लिहिलंत?"

"व्हय. म्या खोटं लिवलं," त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या. "मानसासाठी लिवलं. आता त्याच मानसासाठी खरं सांगाया आले."

अध्यक्ष एकेक पान उलटत गेले. एका पानावर थांबले. कोणतं, ते मला लांबूनच कळलं. "इथं एकच आहे?"

सगुणाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "बोट वाळलं असंल," त्या म्हणाल्या.

वकील पुन्हा उठले. "साहेब, खांबावर चढणारा माणूस कोण, त्याचं नाव तरी सांगू द्या. नाहीतर ही बोटं कुणीही, कधीही लावलेली असू शकतात."

"आमचा हाय त्यो," सगुणाबाई म्हणाल्या.

"नाव?"

"आमचाच."

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे, साहेब. सांगणार नाही."

"बाई, मग ही नोंद आम्ही धरायची कशी?" ते म्हणाले, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर वही केव्हाच परत केली असती. आठ वर्षांचं काम डोळ्यांदेखत हातचं जात होतं, आणि मी मेंगाईच्या शपथेत अडकून खांबासारखी उभी.

मागे खुर्ची सरकली. लंगडत्या पावलांचा आवाज मधल्या वाटेने पुढे येत गेला.

"साहेब, मी गेनू चिमाजी. विंझरचा. त्या लाईनीचा वायरमन."

"गप बस मेल्या!" सगुणाबाई ओरडल्या. "खाली बस!"

"ऱ्हाऊ दे आजी." त्याने अध्यक्षांना हात जोडले. "तारखा मला पाठ हायती, कुटली बी इचारा."

अध्यक्षांनी मधूनच एक तारीख विचारली. "बेहड्याची फांदी, दुपारी दोनला गेली, पाचला आणली." दुसरी विचारली. "फ्यूज उडाला हुता, पाऊस लई हुता, दोन तास वरच हुतो." तिथं दोन बोटं होती. तिसरी विचारली. गेनू जरा आठवून म्हणाला, "त्या दिवशी मी बहिणीकडं हुतो, साहेब. लाईट गेली न्हवती." त्या पानाचा समास कोरा होता. चौथी अध्यक्षांनी विचारली तेव्हा सभागृहात कुणी हसत नव्हतं, आणि वकीलही खाली बसले होते.

"आणि हा दिवस? नागपंचमीचा दुसरा?"

गेनूने एकदा ठेकेदाराचा माणूस बसला होता तिकडे बघितलं. मग म्हणाला, "त्या दिवशी मी पडलो, साहेब. खांबावरनं. मोटारसायकलवरनं न्हाई."

अध्यक्षांनी चष्मा काढला. लेखनिकाला म्हणाले, "लिहा. ही नोंद लाईनीविषयी आहे. या माणसाविरुद्धची तक्रार म्हणून ती कुणीही वापरू नये." मग आदेश राखून ठेवला. आदेश काय येईल, मला ठाऊक नाही. गेनूचा कागद पुढच्या महिन्यात नवा होईल की नाही, तेही ठाऊक नाही. पण त्यासाठी मी ठेकेदाराच्या दारात बसणार आहे, आणि मी दारात बसले की काय होतं ते पुण्यात कुणालाही विचारा.

लोक उठायला लागले. गेनू मात्र टेबलाजवळच उभा होता, उघड्या वहीकडे बघत. त्याला या बोटांचं आजच कळलं होतं. त्रेसष्ट वेळा तो त्या कड्यावर स्वतःला एकटा समजला होता.

"आजी," त्याने हाक मारली, थट्टेचा सूर सोडला नाही, "हितं एक ऱ्हायलंय बघ. मी उतरलो की. जरा तंगडी मोडून उतरलो, पन उतरलो."

सगुणाबाई पुढे आल्या. त्यांनी स्वतःच्या कपाळावरच्या कुंकवावर बोट टेकवलं.

"अहो आजी, दाखल केलेला पुरावा आहे तो!" लेखनिक हात पुढे करून उठला. अध्यक्षांनी त्याला नुसत्या नजरेने खाली बसवलं.

गेल्या आठ वर्षांत मी माझ्या प्रत्येक माणसाला एकच गोष्ट घोकून शिकवली आहे, की एकदा दिलेल्या नोंदीला पुन्हा हात लावायचा नाही. सगुणाबाईंनी नागपंचमीच्या दुसऱ्या दिवसावर सावकाश बोट दाबलं. मी खिडकीबाहेर बघत राहिले.